पायरियाने दात गेले, आता इम्प्लांट: हिरड्यांतल्या जंतूंचं काय?

सुरंगी

नमस्कार मंडळी. प्रश्न सासूबाईंच्या दातांचा आहे, पण कोकणात घरोघरी हे चालू असणार म्हणून नवीन धागाच काढते.

सासूबाई ६७ वर्षांच्या. आम्ही मालवण तालुक्यात राहतो. त्यांना पायरिया जुना. खालच्या दोन दाढा हलत हलत शेवटी काढाव्या लागल्या, वरची एक त्याआधीच गेली. मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. मशेरी लहानपणापासून लावायच्या, आता बंद केली आहे. कवळी करून बघितली, पण ती तोंडात घातली की उमासे येतात. धाकटे दीर मुंबईला असतात. ते म्हणाले, खर्च मी करतो, आईला मे महिन्यात इकडे पाठवा, इम्प्लांट बसवून देतो. तिथल्या डॉक्टरांनी ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) बघून दोन इम्प्लांट सांगितलेत, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवायचे टायटॅनियमचे स्क्रू आणि त्यावर दातांच्या कॅप. हाड पुरेसं आहे म्हणाले.

माझ्या डोक्यात भलतंच घोळतंय. ज्या जंतूंनी खऱ्या दाढा घालवल्या ते गेले कुठे? उरलेल्या दातांच्या हिरड्यांतून ब्रश करताना अजून रक्त येतं. सासूबाई म्हणतात बांगड्याचा काटा टोचला असेल. पण काटा एखाद्या दिवशी टोचेल, रोज कसा टोचेल? मग त्या नवीन स्क्रूभोवती तेच जंतू जाऊन बसणार नाहीत का? दीरांना विचारलं तर म्हणाले, "वहिनी, टायटॅनियमला कीड लागत नाही."

या क्षेत्रातलं कुणी असेल तर समजावून सांगा. ज्यांनी इम्प्लांट बसवलेत त्यांचेही अनुभव हवेत, चांगले-वाईट दोन्ही.


माडबन

वाचतोय. आमच्या आईचंही हेच चाललंय, फक्त मधुमेह नाही.


बकुळ

सुरंगीताई, शंका रास्त आहे, आणि इम्प्लांट बसवायच्या आधी आली हे फार चांगलं झालं. मी हिरड्यांच्या आजारांची डॉक्टर आहे, रत्नागिरी जिल्ह्यात प्रॅक्टिस करते. माझ्याकडे लोक हा प्रश्न घेऊन येतात ते बहुतेक वेळा सगळं बसवून झाल्यावर, हिरडीतून पू यायला लागल्यावर. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

टायटॅनियमला कीड लागत नाही हे खरं. पण सासूबाईंच्या दाढा किडून गेल्याच नाहीत. त्या हलून गेल्या, म्हणजे दात धरून ठेवणारं हाड झिजत गेलं. तसं हाड इम्प्लांटभोवतीही झिजतं. त्याला पेरीइम्प्लांटायटिस म्हणतात आणि तो पायरियाचाच सख्खा भाऊ आहे.

आता जंतू. आपल्या तोंडात शेकडो जातींचे जिवाणू असतात आणि त्यातले बहुतेक निरुपद्रवी. पायरियात मात्र हिरडी आणि दात यांच्यामध्ये खोल कप्पा तयार होतो, आम्ही त्याला पॉकेट म्हणतो. तिथे प्राणवायू फारसा पोचत नाही आणि प्राणवायूशिवाय वाढणाऱ्या जिवाणूंचं फावतं. बॉस्टनच्या सॉक्रान्स्की यांच्या गटाने १९९८ मध्ये हिरडीखालच्या जिवाणूंचे गट पाडून दाखवले. खोल, रक्त येणाऱ्या पॉकेटमध्ये तीन जण एकत्र सापडतात: पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस, टॅनेरेला फोर्सायथिया आणि ट्रेपोनेमा डेंटिकोला. यांना 'लाल गट' म्हणतात. यातल्या पहिल्याला वाढायला लोह लागतं आणि ते तो रक्तातून घेतो. म्हणजे हिरडीतून रक्त येणं हे आजाराचं लक्षण तर आहेच, शिवाय जंतूंची शिधासामग्रीही आहे. काट्याचं कारण सांगून ते सोडून देऊ नका.

इम्प्लांट हिरडीतून बाहेर आला की पहिल्या एकदोन आठवड्यांतच त्याच्याभोवती हिरडीखाली जिवाणू वस्ती करतात. ते बाहेरून कुठून येत नाहीत. शेजारच्या दातांची पॉकेट, जीभ, लाळ, तिथूनच येतात. शेजारी आजारी दात असेल तर नव्या भाडेकरूला पहिल्या दिवसापासून तोच शेजार मिळतो.

आणि इम्प्लांटची तटबंदी दातापेक्षा कच्ची असते. दाताच्या मुळावर सिमेंटम नावाचा पातळ थर असतो. हिरडीतले तंतू त्या थरात आडवे घुसून पक्के रोवलेले असतात, त्यामुळे जंतूंना खाली उतरायला अडसर होतो. इम्प्लांटला सिमेंटम नाही. तिथे तंतू धातूच्या कडेने वर-खाली किंवा गोल फिरतात, आत रोवले जात नाहीत. शिवाय खरा दात आणि हाड यांच्यामध्ये जो अस्थिबंध असतो तोही इथे नाही, हाड थेट धातूला भिडतं. त्यामुळे त्या वाटेने मिळणारा रक्तपुरवठाही नाही. दाताभोवती सूज आली तर ती बहुधा हाडापासून थोडं अंतर राखून थांबते. इम्प्लांटभोवती ती थेट हाडावर जाते, आणि झीज सुरू झाली की वेगाने होते.

दुखत मात्र काही नाही. लोक फसतात ते इथेच.


सुरंगी → बकुळ

डॉक्टर, मनापासून आभार. सासूबाईंना आत्ताच वाचून दाखवलं. "रक्त म्हणजे जंतूंचा शिधा" ऐकून त्या गप्पच झाल्या.


तेरेखोल

मी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, दंतवैद्य नाही. बकुळ यांनी लिहिलंय ते बरोबर आहे. एक पुरवणी जोडतो.

जनुकीय पद्धतीने तपासणी सुरू झाल्यावर असं दिसलं की इम्प्लांटभोवतीची वस्ती ही शेजारच्या दाताची हुबेहूब नक्कल नसते. एकाच माणसाच्या तोंडात, एकमेकांना लागून असलेल्या दात आणि इम्प्लांटभोवतीही जिवाणूंची मांडणी बरीच वेगळी निघते. लाल गट असतोच, पण पेरीइम्प्लांटायटिसमध्ये फिलिफॅक्टर अ‍ॅलॉसिससारखे इतर जिवाणूही वारंवार सापडतात. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा एरवी त्वचेवर आणि नाकात राहणारा जंतू, त्याला टायटॅनियमचा पृष्ठभाग चांगला मानवतो असंही प्रयोगांत दिसलंय. म्हणून "पायरियाचे जंतू मारले की प्रश्न मिटला" असं सरळ गणित नाही. तिथे बायोफिल्म, म्हणजे जिवाणूंचा चिकट थर, साठू न देणं हेच खरं काम.

एक प्रश्न बकुळ यांना. सगळेच दात काढले तर हे जंतू तोंडातून जातात, असं आमच्या काळी शिकवलं जायचं. अजून तसंच मानतात का?


बकुळ → तेरेखोल

सर, चांगली पुरवणी. पूर्वी जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून शोधायचे. त्या पद्धतीने, सगळे दात काढलेल्या लोकांमध्ये पॉर्फिरोमोनास सापडेनासा व्हायचा. म्हणून तसं शिकवत. डीएनए शोधणाऱ्या चाचण्या आल्यावर कळलं की तो जातच नाही, संख्या घटते एवढंच. जिभेवर, घशाच्या कोपऱ्यात, लाळेत तो तग धरून राहतो. इम्प्लांट बसला की पुन्हा हिरडीखाली जागा मिळते.

म्हणून "हलणारे सगळे दात उपटून टाका आणि नवीन पाटी कोरी करा" असं कुणी सांगितलं तर जरा थांबावं. नीट उपचार केलेला, थोडं हाड गमावलेला खरा दात पुष्कळ वर्षं टिकतो. माझ्या मते तो वाचवायचा आधी प्रयत्न व्हायला हवा. हल्ली तो पुरेसा होत नाही याचं मला वाईट वाटतं.


खाडीकाठ

मला थोडं वेगळं म्हणायचंय. माझ्या वडिलांनाही पायरिया होता, त्यांचे इम्प्लांट कित्येक वर्षं खणखणीत आहेत. सुकट, कुरल्या, सगळं खातात. कवळी होती तेव्हा जेवणावरची वासनाच गेली होती. इम्प्लांटने त्यांना माणसात आणलं. अशा धाग्यांमुळे लोक घाबरून नको म्हणतील, तेही बरोबर नाही. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसवले, ते त्या रुग्णाला २००६ साली मृत्यू येईपर्यंत टिकले, असं वाचलंय. पायरिया होता म्हणजे इम्प्लांट फुकट, असं म्हणायचं आहे का?


बकुळ → खाडीकाठ

मुळीच नाही. त्या रुग्णाचं नाव योस्टा लार्सन, आणि तुम्ही लिहिलंय ते खरं आहे. तुमच्या वडिलांचं वाचून आनंद झाला. माझ्याही पायरियाच्या रुग्णांपैकी कित्येकांचे इम्प्लांट छान चाललेत. मला सांगायचंय ते एवढंच की अशा माणसाची जोखीम जास्त असते आणि ती कमी करण्याचे उपाय हातात असतात.

थोडे आकडेही देते. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या एका अभ्यासात १० वर्षं रुग्णांवर लक्ष ठेवलं होतं, तो २००३ मध्ये छापून आला. पायरियाने दात गेलेल्यांच्या गटात २८.६ टक्के इम्प्लांटना पेरीइम्प्लांटायटिस झाला, इतरांच्या गटात ५.८ टक्के. टिकण्याचं प्रमाण ९०.५ विरुद्ध ९६.५ टक्के. पायरियाचा गट अगदी लहान होता, २१ इम्प्लांट, हेही लक्षात घ्यायला हवं. पण दिशा नंतरच्या अभ्यासांतही तीच राहिली. आणि हेही बघा की त्या गटातसुद्धा दहातले नऊ इम्प्लांट १० वर्षांनी तोंडात होते. तुमचे वडील त्यांतले आहेत.

२०१७ मध्ये शिकागोला अमेरिकन आणि युरोपीय हिरडीतज्ज्ञांच्या संघटनांची जागतिक कार्यशाळा झाली. तिथे इम्प्लांटभोवतीच्या आजारांचं वर्गीकरण ठरलं. ज्या कारणांबद्दल पुरावा भक्कम आहे म्हणून सांगितलं गेलं ती तीनच: पूर्वीचा तीव्र पायरिया, दातांची अस्वच्छता आणि नियमित तपासणीला न येणं. पहिलं कारण बदलता येत नाही. उरलेली दोन पूर्णपणे आपल्या हातात आहेत. मधुमेह आणि धूम्रपान यांच्याबद्दल त्या वेळी पुरावा तेवढा पक्का मानला गेला नाही, पण पायरिया वाढवायला आणि जखम भरणं लांबवायला दोन्ही पुरेसे आहेत, त्यामुळे मी त्यांना सूट देत नाही.

वडील तपासणीला जातात का हो?


खाडीकाठ

जातात. दर सहा महिन्यांनी, चिपळूणला. बहीण घेऊन जाते, चुकवू देत नाही.


बकुळ

मग गुपित तिथे आहे. बहिणीला माझा नमस्कार सांगा.


आडिवरेकर

बसवलेला इम्प्लांट गमावलेला माणूस मी. सुरंगीताईंना उपयोग होईल म्हणून लिहितो.

मुंबईत नोकरीला होतो तेव्हा खालच्या डाव्या बाजूला एक बसवला. हिरड्यांचं काही करायला हवं हे कुणी बोललं नाही. फक्त एक्स-रे काढला, हाड आहे, बसवू म्हणाले. कॅप सिमेंटने चिकटवली. निवृत्त होऊन राजापूरकडे गावी आलो. थोड्या काळाने त्या जागची हिरडी लालसर, जरा फुगीर दिसायला लागली. बोटाने दाबली की पिवळसर थेंब यायचा आणि तोंडाला एक घाण चव. दुखणं शून्य. चावताना अगदी घट्ट. त्यामुळे मीही म्हटलं, पुढच्या वेळी मुंबईला जाऊ तेव्हा दाखवू.

इथल्या डॉक्टरांना दाखवलं तेव्हा त्यांनी कंपनी विचारली, कारण प्रत्येक कंपनीचा स्क्रू उघडायचं हत्यार वेगळं. माझ्याकडे ना कार्ड, ना बिलावर नाव. मुंबईचा दवाखाना तोवर दुसरीकडे हलला होता, फोन लागेना. शेवटी इथल्या डॉक्टरांनी हिरडी उघडून साफ केलं. आत मोहरीच्या दाण्याएवढा सिमेंटचा कण निघाला, धातूला चिकटलेला. त्याच्याभोवती हाड पार खाल्लं गेलेलं. पुढे इम्प्लांट काढावाच लागला.

त्या डॉक्टरांनी दूरदृष्टीने एक गोष्ट केली. बाकीच्या दातांची पॉकेट मोजून आधी त्यांचे उपचार केले. त्या दातांना आजवर काही झालेलं नाही.


बकुळ → आडिवरेकर

काका, तुम्ही लिहिलंत ते प्रत्येक रुग्णाच्या हातात द्यावं असं आहे. सिमेंटचं तर फार महत्त्वाचं. कॅप चिकटवताना जास्तीचं सिमेंट हिरडीखाली सरकतं आणि त्याच्या खडबडीत कडेवर जिवाणू घट्ट बसतात. अमेरिकेतल्या एका अभ्यासात, २००९ चा आहे, सूज असलेल्या इम्प्लांटभोवती बारीक एंडोस्कोप घालून बघितलं. ८१ टक्के ठिकाणी उरलेलं सिमेंट सापडलं, आणि ते काढल्यावर बहुतेकांची लक्षणं गेली. म्हणून पायरियाच्या रुग्णाला शक्य असेल तिथे स्क्रूने बसणारी कॅप मागावी. ती उघडून साफही करता येते.

आणि कार्डाबद्दल. इम्प्लांटच्या खोक्यात कंपनी, मॉडेल, व्यास, लांबी आणि बॅच नंबर लिहिलेले स्टिकर येतात. ते रुग्णाच्या कार्डावर चिकटवून घ्यायचे. हा रुग्णाचा हक्क आहे, उपकार नव्हे.


माडबन

हे खरं आपल्याकडचं दुखणं आहे. इम्प्लांट मुंबई-पुण्यात बसतो, मुलांच्या पैशाने, मे महिन्याच्या नाहीतर गणपतीच्या आसपासच्या सुट्टीत. माणूस राहतो गावात. मुलांना वाटतं काम झालं. देखभाल कुणाच्या गळ्यात, हे कुणीच ठरवत नाही. पावसात आमच्याकडून एसटीने तालुक्याला जायचं तर अख्खा दिवस जातो, हिरडी दुखत नसताना म्हातारं माणूस कशाला जाईल?


बकुळ → माडबन

अगदी हेच. ब्राझीलमधला एक अभ्यास मी रुग्णांना आवर्जून सांगते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या इम्प्लांटभोवती फक्त हिरडीची सूज होती, हाड अजून झिजलेलं नव्हतं, अशांना ५ वर्षांनी पुन्हा तपासलं. जे नियमित देखभालीला येत होते त्यांच्यातल्या १८ टक्के लोकांना पेरीइम्प्लांटायटिस झाला. जे येत नव्हते त्यांच्यातल्या ४३.९ टक्के लोकांना. सुरुवात दोघांची सारखीच होती.

निव्वळ हिरडीची सूज असते तोवर ती परत पूर्ण बरी होऊ शकते. तिला म्युकोसायटिस म्हणतात. २०१५ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला, त्यात इम्प्लांट असलेल्यांपैकी साधारण ४३ टक्के लोकांना ही सूज आणि २२ टक्के लोकांना पेरीइम्प्लांटायटिस आढळला. एकदा हाड जायला लागलं की मग साफसफाई, शस्त्रक्रिया, सगळं करूनही निकालाची खात्री देता येत नाही. स्क्रूचे आटे आणि खडबडीत पृष्ठभाग जंतूंपासून पुरता मोकळा करणं फार अवघड असतं.

म्हणून माझा आग्रह असा की बसवायच्या आधीच ठरवा: दर तीन ते सहा महिन्यांनी इम्प्लांट कोण बघणार, कुठे, आणि आईला तिथे कोण घेऊन जाणार. याचं उत्तर नसेल तर इम्प्लांट थोडा थांबला तरी चालेल.


वेंगुर्लेकर

आमच्याकडे सकाळी उठला काय पयली मशेरी, मगे चाय. माज्या आवशीचे हिरडे सुजले, दात हलाक लागले तरी म्हणा, मशेरीन दात घट रवतत. डॉक्टरान सांगल्यान, आधी ह्या बंद, मगे इम्प्लांटचा बोला. आयकूक तयार नाय. शेवटी नातीन डबो लपवन ठेवल्यान आणि रोज सकाळी आजयेच्या बाजूक बसान तिका ब्रश करूक लावल्यान. आता सुटली. हिरड्यातसून येवचा रगात पण कमी झाला.


सुरंगी → वेंगुर्लेकर

तुमच्या पुतणीचं की मुलीचं, जिचं कुणाचं असेल तिचं कौतुक! आमच्याकडे सासूबाईंनी स्वतःच सोडली, पण शेजारच्या बायका अजून लावतात, त्यांना हे वाचून दाखवणार आहे.


बकुळ

मशेरीने दात घट्ट राहतात हा समज फार खोल गेलेला आहे. भाजलेल्या तंबाखूची ती पूड. तिच्यातल्या निकोटिनमुळे हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. त्यामुळे तंबाखूची सवय असलेल्यांत काही वेळा रक्त कमी दिसतं आणि वाटतं हिरडी चांगली आहे. आत हाड मात्र जात असतं. सोडल्यावर सुरुवातीला थोडं जास्त रक्त दिसलं तर घाबरून पुन्हा सुरू करू नये.


सुरंगी

ताजी खबर. काल सासूबाईंना कुडाळला हिरड्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मी शेजारीच उभी होते म्हणून लिहिते. त्यांनी एक बारीक सळई घेतली, टोकाशी गोलसर, अंगावर मिलिमीटरच्या काळ्या खुणा. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी ती हलकेच हिरडीत सोडायची आणि आकडा सांगायचा, मदतनीस मुलगी लिहून घ्यायची. तीन, तीन, दोन, असं चाललं होतं. मग मागच्या दाढांजवळ सहा, पाच, सात. सळई बाहेर काढली की काही क्षणांत तिथे रक्ताची लाल रेघ उमटायची. सासूबाईंना आरशात दाखवलं. काट्याचा विषय तिथेच संपला.

डॉक्टर म्हणाले, आधी खोल साफसफाई, दोन-तीन बैठकांत. मग दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजू. सहा मिलिमीटरची पॉकेट तशीच राहिली तर इम्प्लांट नको.

दोन शंका उरल्या. ओळखीतल्या एकांनी सांगितलं की मेडिकलमधून अँटिबायोटिकचा कोर्स घ्या, जंतू साफ होतील. आणि दीर म्हणतात मुंबईत जंतूंची डीएनए चाचणी होते, ती करू. या दोन्हींचा उपयोग आहे का?


बकुळ → सुरंगी

उत्तम डॉक्टर मिळालेत, त्यांना धरून राहा. उपचारांनंतरही खोल पॉकेट शिल्लक असणाऱ्यांमध्ये पेरीइम्प्लांटायटिसचं प्रमाण जास्त असतं, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. त्यामुळे ते सांगतात ती अट योग्यच आहे.

अँटिबायोटिक स्वतःहून बिलकूल नको. दातावरचे जिवाणू सुटे नसतात, चिकट थरात एकमेकांना धरून बसलेले असतात आणि त्या थरात औषध नीट शिरत नाही. थर हाताने, अवजाराने खरवडूनच काढावा लागतो. युरोपीय संघटनेने २०२३ मध्ये इम्प्लांटच्या आजारांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातही शस्त्रक्रियेविना उपचार करताना सरसकट अँटिबायोटिक देऊ नका असंच म्हटलंय. मेडिकलमधून अर्धवट कोर्स घेत राहिलं तर जंतू मरत नाहीत, औषधाला सरावतात.

डीएनए चाचणीवर पैसे घालवू नका. लाल गटाचे जिवाणू थोड्या प्रमाणात निरोगी तोंडातही सापडतात. नुसतं नाव कळून उपचार बदलत नाहीत. काल तुम्ही बघितलीत ती खुणांची सळई आणि एक्स-रे, यातून जेवढं कळतं तेवढं त्या चाचणीतून कळणार नाही.

मधुमेहाचं मात्र मनावर घ्या. एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) किती आहे ते साफसफाईच्या आधी बघून ठेवा. हिरड्यांच्या उपचारांनी तीन-चार महिन्यांत तो आकडा सरासरी सुमारे ०.४ ने उतरतो, असं बऱ्याच चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात दिसलंय. औषध न वाढवता तेवढा फरक पडणं ही लहान गोष्ट नाही.


तेरेखोल

सावंतवाडी-दोडामार्गकडच्यांसाठी: आमच्या भागातले बरेच लोक हिरड्यांच्या उपचारांना बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात जातात. तिथे हिरड्यांचा स्वतंत्र विभाग आहे.


माडबन

इम्प्लांट घरी साफ कसा करायचा हेही कुणीतरी लिहा. आईच्या बोटांत संधिवात आहे, दोरा धरवत नाही.


बकुळ → माडबन

दोऱ्याचा हट्ट नको. दातांच्या फटीत घालायचे बारीक ब्रश मिळतात, इंटरडेंटल ब्रश. त्यांची मूठ जाड असलेला प्रकार घ्या. मधली तार प्लास्टिकचं आवरण असलेली हवी, म्हणजे धातूवर ओरखडे उठत नाहीत. माप डॉक्टरांकडून ठरवून घ्या, कारण फटीत सैल फिरणारा ब्रश काही काढत नाही. तो जरा घट्ट बसला पाहिजे, पण जोर लावावा लागू नये. रात्री झोपण्याआधी, गालाच्या बाजूने आणि जमलं तर जिभेच्या बाजूनेही. संधिवात असेल तर जाड मुठीचा इलेक्ट्रिक ब्रश सोयीचा पडतो. राखुंडी, कोळसा, मीठ यांनी इम्प्लांट घासू नये. सुरुवातीला दोन-चार दिवस रक्त येईल, थांबू नका. दोन आठवड्यांनीही येत असेल तर दाखवा.

आणि कॅपचा आकार बसवायच्या वेळीच बघा. हिरडीजवळ फुगीर, खाली ब्रश शिरायला जागाच नाही, अशी कॅप कितीही सुंदर दिसली तरी घेऊ नका. डॉक्टरांना तिथेच सांगायचं, मला इथे ब्रश घालून दाखवा.


खाडीकाठ

वडिलांच्या कॅपखाली ब्रश जातो, आत्ताच बघितलं. बकुळताई, तुमचं म्हणणं पटलं. बहिणीला नमस्कार पोचवला. ती विचारतेय, वडिलांच्या इम्प्लांटचा एक्स-रे दर वेळी काढायला हवा का?


बकुळ → खाडीकाठ

दर वेळी नको. कॅप बसवल्यावर लगेच काढलेला एक्स-रे हा पाया. तो जपून ठेवायचा, पुढच्या सगळ्या तुलना त्याच्याशी होतात. सळईने मोजताना खोली वाढलेली दिसली, रक्त किंवा पू आला, तर नवीन काढायचा. पायाचा एक्स-रे हरवला असेल तर आजचा काढून तोच पाया समजा.


सुरंगी

दीरांशी काल रात्री बोलणं झालं. हा सगळा धागा त्यांनी वाचला. मेचा बेत पुढे ढकललाय. साफसफाई कुडाळलाच होणार, पहिली बैठक सोमवारी. इम्प्लांट बसवायचा ठरला तर तो कुडाळच्या डॉक्टरांशी बोलून, स्क्रूच्या कॅपचा, आणि स्टिकरचं कार्ड हातात घेऊनच, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. पैसे ते देणार, न्यायचं-आणायचं मी बघणार. सासूबाईंनी एकच अट घातलीय, सोमवार संकष्टीचा नसावा. कॅलेंडर बघितलं, नाही आहे.